लाल हेडफोन

बाबा,

वाकून नमस्कार. फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं, बरं’ म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीच्या खाली सुतारकामाचा कारखाना आहे, दिवसभर करवत चालते. कॉलेजच्या बसमध्ये इंजिनाची घरघर. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. काळजी करू नका, परीक्षा निघेल.

शेवटी बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन घ्यायला गेले. पहिल्या जोडीतून रस्ता ऐकू येत होता, दुसरी चष्म्याच्या काडीवर रुतत होती. तिसरी घातली आणि सगळं गप्प झालं. समोर दुकानदाराचे ओठ हलत होते. सारखं ‘काय, काय’ विचारायची लाज वाटली, म्हणून मी हसून मान हलवली.

तो विचारत होता, लाल रंग चालेल का. आता तुमची लेक कुणीतरी पिळल्यासारखे लाल कान घेऊन फिरते!

पण तशीच मान तुम्ही हलवता, बाबा. यंत्रमागाच्या खडखडाटाने तुमचे कान गेले, तेव्हापासून. आम्हाला वाटायचं, तुम्हाला सगळं पटतं.

गुडघा कसा आहे? आईला सांगा, मागून हाका मारू नकोस, समोर येऊन बोल.

निघताना मी दारात म्हटलं होतं, “बाबा, जाऊ ना मी? नको म्हणालात तर राहते.” तुम्ही हसून मान हलवलीत, आणि मी बॅग उचलली.

तुम्हाला ऐकू आलं होतं का? खरं ते लिहा.

तुमची,
धाकटी