न मोडलेल्या मनगटाबाबत

सायकल, मागे कॅरेज असलेली. दातांची तार. शिराळ्याची नागपंचमी बापाकडे, दिवाळीची पहिली अंघोळ आईकडे. मुलगी जिथे, कुत्रा तिथे. चौकीवर रेंज नसेल तर फोन नाही, त्यावर रुसायचे नाही. पगाराचा तिसरा हिस्सा, बारावीनंतरही.

प्रति,
मा. न्यायाधीश साहेब,
कौटुंबिक प्रकरणे, तालुका न्यायालय

विषय : आईवडिलांनी राजीखुशीने केलेला मुलीच्या पोटगीचा करार मंजूर करणे व दाव्यातील खोटा मजकूर काढून टाकणेबाबत.
संदर्भ : वर लिहिलेला करार. तो एवढाच आहे.

महोदय,

१. सैन्यात नाईक असलेले वीरधवल व माझा घटस्फोट दोन वर्षांपूर्वी संमतीने झाला. मुलगी उत्कर्षा सातवीत आहे, माझ्याकडे राहते. तिच्या खर्चाचे आम्ही स्वयंपाकघरात बसून ठरवले. वीरधवल यांची बदली सीमेवर झाली आहे. करारावर कोर्टाचा शिक्का असावा, ही इच्छा त्यांचीच. "भाऊ माझेच हायत, पण माझ्या माघारी पोरीचा हिस्सा अडवतील, शिक्का असलेला बरा," असे ते म्हणाले.

२. वकिलांनी विचारले, "नकार कुठाय? त्यांनी पोसायला नकार दिल्याबिगर दावा बसत न्हाई." नकार नाही, असे आम्ही सांगितले. हात उगारला? नाही. दारू? नाही. शेजारचा टायपिस्ट म्हणाला, "आवं ताई, एवढं जमतंय तर संसारच करा की."

३. पुढे दाव्याची प्रत माझ्या फोनवर आली. तिच्यानुसार वीरधवल रोज पिऊन येतात, मुलांना उपाशी ठेवतात व त्यांनी वरवंट्याने माझे मनगट मोडले. मला दोन मुलगे असल्याचेही त्यात आहे. एका जागी माझ्याऐवजी 'साळूबाई' असे नाव राहून गेले आहे.

४. म्हणजे मनगट मोडले आहे. कुणाचे तरी. साळूबाईंनी ते कधीतरी रडत सांगितले असेल. उसनी पाटली लग्नालग्नात फिरावी, तसे ते तेव्हापासून दाव्यादाव्यात फिरत आहे. वकील म्हणाले, "नाव बदलून घेऊ. मजकूर राहू द्या, चालणारा मजकूर हाय." मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतले. किळस गेली नाही.

५. वीरधवल यांनी त्यावर सही केली. आरोप मान्य. "माझं काय जातंय? पोरीचं काम होऊ दे."

६. उत्कर्षाने ती प्रत वाचली. माझे दोन्ही हात उजेडात धरून तिने विचारले, "आई, कोणता गं?" मी म्हटले, खोटे आहे. "मग पप्पांनी सही का केली?" याचे उत्तर न्यायालयाकडे असल्यास द्यावे. ती आता त्यांचा फोन घेत नाही. ते रविवारी निघतात.

७. तरी करार आहे तसा, रविवारच्या आत मंजूर व्हावा. कायद्याला भांडण लागतच असेल, तर आमच्याकडे खरी आहेत. ते तीन-तीन दिवस अबोला धरत. मी त्यांच्या आईला उलट बोलत असे. तेवढ्यावर भागवावे. मनगटाच्या शपथपत्रावर मी सही करणार नाही.

८. साळूबाईंना पोटगी मिळाली का, तेही कळवावे.

आपली अर्जदार,
संयोगिता धैर्यशील खबाले (माहेरचे नाव)
मु. पो. आंबेखिंड, जि. सांगली
दि. ९ जुलै २०२५

सोबत : कराराची प्रत. माझ्या दोन्ही मनगटांचे एक्स-रे.

घटस्फोट झाला त्या दिवशी आम्ही दोघे एकाच एसटीने परत आलो. मला गाडी लागते, म्हणून खिडकी त्यांनी मला दिली.