सर्व सेवा सुरळीत

३ मार्च. सकाळ.
आज ठरवलं. यांच्या तब्येतीची चौकशी करणारे फोन बंद करायचे. निवृत्त होईपर्यंत मी इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागाची प्रमुख होते. सेवा चालू की बंद, हे ग्राहकांना दाखवणारं स्टेटस पेज मीच बसवलं होतं. तेच घरी करायचं. हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे बंद. लोक पेज बघतील, मी कामं करीन.

४ मार्च.
पेज तयार. प्रत्येकाला वेगळं उप-पान. एक लेकीला, एक वन्संना, एक यांच्या मित्रांना. ज्याला जेवढं पेलतं तेवढंच दिसावं. चालणं हिरवं. जेवण हिरवं. 'स्मरणशक्ती' फक्त माझ्या पानावर. पिवळी.

७ मार्च.
वन्संचा फोन. म्हणे, वहिनी, ते दिवेबिवे मला कळत नाहीत, दादा कसा आहे ते तोंडाने सांगा. पान बघा म्हटलं. म्हणाल्या, दादा काय वीजकंपनी आहे? फोन ठेवला. शिस्त लागायला वेळ लागतो.

१२ मार्च.
हे दूध आणायला गेले. शेजारच्या इमारतीत, एका अनोळखी बाईंच्या सोफ्यावर चहा पिताना सापडले. मलाच म्हणाले, या, बसा. सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, त्यांचा काय दोष.
विभागाचा नियम होता, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय लाल दिवा लावायचा नाही. वरिष्ठ मीच. परवानगी नाकारली.

१५ मार्च.
भांडेवालीला बंद केलं. भांडी मीच घासते. नळ सोडला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, बरं वाटतं. सर्दी हटत नाही.
लेक म्हणाली, रजा काढून येऊ का? म्हटलं, तुझं पान हिरवं आहे ना, मग? उगाच रजा वाया घालवू नकोस.

२१ मार्च. दुपार.
यांना पेज दाखवलं. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, गृहस्थ ठणठणीत दिसतायत, कोण हे? अहो, तुम्हीच, म्हटलं. खूश झाले. मग अगदी अदबीने विचारलं, आणि आपण?
उकाडा फार आहे.

२२ मार्च.
परवानगी दिली. लेकीच्या पानावर स्मरणशक्ती. लाल.
लगेच तिचा फोन. घाबरलेली वगैरे नव्हती. म्हणाली, आई, तिकीट मी कालच काढलंय. तू भांडी घासायला गेलीस की बाबा रोज फोन करतात मला.
काय बोलतात, विचारलं. म्हणाली, बाबा सांगतात, घरात एक बाई असतात. कडक आहेत, पण माझं फार करतात. नळ सोडून रडतात बिचाऱ्या. त्यांचं कुणी असेल तर कळवून टाक गं.
लेकीला स्पष्ट सांगितलं, रडत नाही. सर्दी आहे.