टॅक्सीवाल्याचं एक वाक्य

बाबा, तुमचा तो अमेरिकन नट गेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, फोटोही बोटभर. सिनेमात तो कधी शेरीफचा मदतनीस असायचा, कधी हॉटेलातला कारकून, आणि बहुतेक वेळा मध्यंतराच्या आतच मरायचा. तरी आखातात असताना करामा भागातल्या दुकानातून सिनेमाची कॅसेट आणताना तुम्ही हिरोकडे बघायचाच नाहीत. मागच्या बारीक अक्षरांत त्याचं नाव आहे का, ते मला शोधायला लावायचात. तो पडद्यावर आला की "आला बघ आपला माणूस!" म्हणून आईलाही स्वयंपाकघरातून हाक. चाळिशीपर्यंत तो दुधाची गाडी चालवायचा, हे एका जुन्या इंग्रजी मासिकातून मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं. किती खूश झाला होतात! "म्हणजे अजून वेळ गेलेली नाही," म्हणालात. तेव्हा तुम्ही अल क्वोजच्या गोदामात स्टोअरकीपर होतात आणि तुम्हाला सत्तेचाळिसावं लागलं होतं.

तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तुमच्या वाट्याला नेहमी गडी, पोस्टमन, नाहीतर नवरीचा मामा. मी दहावीत होते त्या वर्षी तुम्ही चहा आणणारा गडी होतात. ट्रेसकट घसरायचं होतं. ते पडणं तुम्ही पंधरा दिवस हॉलमध्ये गादी टाकून बसवलंत. कप एकही फुटता कामा नये, पण आता फुटणारच असं शेवटच्या रांगेलाही वाटलं पाहिजे, हा तुमचा हट्ट. शुक्रवारी प्रयोग झाला आणि सगळं सभागृह खो-खो हसलं. माझ्या वर्गातल्या दोघी आल्या होत्या. शनिवारी शाळेच्या बसमध्ये त्यांनी तुमची नक्कल केली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसू तुम्ही कमावलेलं होतं, हे कळायची अक्कल मला नव्हती.

त्याच आठवड्यात एक अमेरिकन युनिट वाळवंटातल्या शूटिंगसाठी आलं. किरकोळ कामांसाठी इथली माणसं हवी होती, म्हणून तुम्ही कडक इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात जाऊन फोटो देऊन आलात. दोन दिवसांनी दुपारी फोन वाजला. आई खाली भाजीला गेली होती. पलीकडची बाई इंग्रजीत सांगत होती, टॅक्सीवाल्याचं काम आहे, एकच वाक्य, शुक्रवारी सकाळी गाडी पाठवू. माझ्या डोळ्यांसमोर शाळेची बस आली आणि कानात तुमचं इंग्रजी. मी म्हटलं, "माय फादर इज नॉट इंटरेस्टेड. प्लीज डोन्ट कॉल अगेन." इतक्या सफाईने म्हटलं की बाईनेच सॉरी म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी तुम्ही बूटही न काढता दारातूनच विचारता, "अगं, फोन?" मी पुस्तकातून मान वर करत नाही. "नो, बाबा." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आई चिडते, "यल्ला, आधी घरात तरी या!" तुम्ही उलट सिनेमावाल्यांचीच बाजू घेता, "एवढं मोठं युनिट, बिझी असतील. येईल, इन्शाल्ला." शुक्रवारी तुम्ही सकाळीच दाढी केलीत आणि फोनजवळची खुर्ची धरली. जेवणाचं ताटही तिथेच मागवलंत. शनिवारपासून तुम्ही विचारणं बंद केलंत आणि मला हायसं वाटलं. पुढच्या नाटकासाठी मंडळातले लोक घरी आले, तेव्हा "आता गुडघे साथ देत नाहीत" असं सांगून तुम्ही त्यांना वाटेला लावलंत. तुमचे गुडघे ठणठणीत होते, बाबा. तीन वर्षांनी गोदामातच तुम्हाला अटॅक आला. मधल्या त्या तीन वर्षांत खरं सांगायला मला एकही दिवस सापडला नाही.

आई आता माझ्याकडेच असते. नटाची बातमी मी तिला वाचून दाखवली. डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "त्या मेल्यांनी साधा एक फोन करायला हवा होता गं. नको तर नको म्हणायचं. माणूस नुसता वाट बघत बसला." मी म्हटलं, "हो ना." मग राहवेना. निदान तिला तरी वाचून दाखवू, म्हणून हे लिहायला बसले. आत्ता ती शेजारी येऊन बसली आहे. "काय लिहितेस एवढं?" म्हणून विचारलंन्. मी सांगितलं, मुलीच्या शाळेचा फॉर्म भरतेय.