घोडी शांत होईपर्यंत

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही, नुसते शब्द आठवतात. तुमचे जावई गेले. धानाची कापणी चालू असताना, नागपूरच्या दवाखान्यात. मी रडले नाही. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि गोठ्यात त्यांनी आजारी पडायच्या आधी आणलेली तांबडी घोडी तेवढी उरली. तुमच्यामागे वरातीला घोडी देण्याचं काम त्यांनीच सांभाळलं होतं; जुनी घोडी थकली म्हणून ही तरणी आणली, पण तिला रस्त्यावर काढायला त्यांना सवडच मिळाली नाही. दीर म्हणाले, विकून टाकू, बाईमाणसाचं हे काम नाही. मी गोठ्यात चारा टाकायला गेले. सारखी बांधलेली राहून घोडीने लाथा मारून भिंतीचे पोपडे पाडले होते. म्हणून एका सकाळी भांडी घासून झाल्यावर मी तिला बाहेर काढलं. करायचंच होतं, म्हणून केलं.

नहराच्या पाळीवर, कालव्याच्या त्या उंच बांधावर, आलो तोच समोरून लोखंडी सळाखी भरलेला ट्रॅक्टर खडखडत आला. घोडी दोन पायांवर उभी राहिली, माझ्या तळहाताची साल काढत दोर सुटला आणि ती उधळली. मी तिच्यामागे पळाले नाही. ती सापडेल की हायवेवर ट्रकखाली जाईल, याची भीतीसुद्धा मला वाटली नाही. मी फक्त ती गेली त्या दिशेला चालत राहिले. ती धान कापलेल्या शेतातल्या एका बांधीत सापडली, अंगभर थरथरत. दोर धरायला हात पुढे केला आणि तुम्ही आठवलात.

मी शाळेत जाते त्या वयाची आहे. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात शिरता, आईची परात उचलता, अंगणात जाऊन ती पळीने बडवता. पुढ्यात आपली पहिली घोडी भिजवलेला चना खाते आहे. आई चूल सोडून मागोमाग येते आणि विचारते, "आता कणीक कायच्यात भिजवू?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तिचं खाणं होऊ दे. खाता खाता आवाज ऐकला का मंग भेव नाही वाटत." कितीतरी दिवस आपल्या पोळ्या पितळी ताटात मळलेल्या कणकेच्या होत्या.

आणि तो गिरणीचा दिवस. धानाची गिरणी धडधडत होती, मी एकटी घोडी धरून तिच्यासमोर उभी होते, आणि घोडी अगदी हलत नव्हती. मी तुम्हाला ओरडून दाखवलं, पाहा, कशी शांत उभी आहे. तुम्ही जवळ आलात, तिच्या मानेवर हात ठेवलात आणि माझ्यावर चिडलात. "बाई, हे शांत नाही. हे भेवानं गोठली आहे. कान पाह्य, दम पाह्य. असं जनावर कवा उधळन, सांगता येत नाही." मग तुम्ही तिला मागे नेलंत, गिरणीचा आवाज बारीक होईल इतकं मागे, आणि तिने मान खाली घालून मोठा श्वास सोडेपर्यंत तिच्या खांद्याशी नुसते उभे राहिलात. ना ओढणं, ना चुचकारणं.

गेल्या हिवाळ्यात घरी भेटायला येणाऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या, किती शांतपणे घेतलं हिने. मी त्यांना चहा देत होते.

तसंच केलं मग मीही. चन्याच्या वेळी परात. पाळीवर ट्रॅक्टर दिसला की बांधीत उतरायचं, तिला लांबून पाहू द्यायचं, श्वास सुटला की पुन्हा वर. पुढे साकोलीच्या हायवेच्या कडेने. माझे हात हे सगळं करत होते. उन्हाळ्यात करडी गावी तुमच्या जावयांच्या एका दोस्ताच्या मुलाचं लग्न होतं, आणि घोडी आपली, हा शब्द त्यांनी दिलेला होता. दीर म्हणाले, दुसरीकडून घोडी आणू, नवरदेव पडला तर कोणाला तोंड दाखवणार. मी म्हटलं, हीच येईल.

वरात मंडपाजवळ आली आणि फटाक्यांची लड लागली. घोडी थांबली. कान ताठ, मान वर, श्वास बंद. नवरदेवाने दोन्ही हातांनी खोगीर धरलं. मागचे लोक ओरडू लागले, बँडवाले वळून पाहू लागले. दीर माझ्या कानाशी आले, "वैनी, ओढा तिले. लोक खोळंबले."

"ओढत नाही," मी म्हटलं. "तिले पाहू द्या."

सगळी वरात उन्हात उभी राहिली. मी तिच्या खांद्याशी उभी. नवरदेवाचा मामा पुटपुटत होता. लड संपली, धूर विरला, आणि घोडीने नाक फुरफुरवून मान खाली घातली. मग तिने स्वतःहून पाऊल उचललं. मंडपापर्यंत ती चालत गेली, पुढे अजून फटाके वाजले तरी. नवरदेवाच्या आईने मला मिठी मारली आणि तीच रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात सिहोऱ्याहून दोन लग्नांसाठी विचारणा आली. दीर आता विकायचं बोलत नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. घोडी बोलवायला येणारे तिचं नाव विचारतात, आणि मी तोंडाला येईल ते सांगते; प्रत्येकाला वेगळं. तिचं खरं नाव तुमच्या जावयांनी ठरवलेलं होतं. दवाखान्यात, ऑक्सिजनची नळी बाजूला करून मला सांगितलं होतं. ते मला पाठ आहे. तिच्यासमोर मी ते अजून एकदाही उच्चारलेलं नाही.