एकोणसाठ गाडग्यांची माळ

प्रिय सिधोम,

केनाहून रहाटाची बारा गाडगी आली, तीन पौंडांना. खजुरीच्या काथ्याचा दोर एक पौंड वीस पियास्तर. एक गाडगं फुटकं निघालं, त्याचे पैसे मी कापून घेतले. तुझ्याकडून यंदा काही आलं नाही. पैशांचं म्हणत नाही मी, चार ओळींचं म्हणते.

तू कामाला बेनगाझीला गेलास तेव्हा रहाटाच्या माळेला छत्तीस गाडगी होती. दर हिवाळ्यात नदी आणखी खाली जायची आणि शेजारचे खलाफकाका म्हणायचे, "वरच्या बंधाऱ्याची दारं मिटलीत, उघडली की चढेल वर." तेवढ्यापुरती म्हणून आम्ही माळ लांबवत राहिलो, सहा वर्षं. परवा एक इंजिनियर आला, त्यानं काठाशी मोजमाप केलं. म्हणाला, "पाणी गेलं नाही मावशी, तळच खाली गेलाय. गाळ बंधाऱ्यामागे अडतो. दारांतून सुटतं ते उपाशी पाणी. ते इथला तळ खातं, काठ खातं." काका भडकले, "म्हणजे आजवर या नदीनं आम्हाला वाढलं, आता हीच पंगतीला बसली होय? आणि पानात काय, आमची घरं?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन पावलं मोजली. आपल्या दारच्या तुतीच्या झाडापासून काठ चार पावलांवर आलाय. तू गेलास त्या दिवशी तीस होती.

अकरा गाडगी चढवली, माळ एकोणसाठांची झाली, आणि काकांची म्हैस दुसऱ्याच फेऱ्याला गुडघ्यांवर बसली. ओझं ओढवेना तिला. काकांनी जू उतरवलं ते उतरवलंच. रहाटाची कुरकुर नाही तर घर फार मोठं वाटतं रे. मोठा उपास चालू आहे, मांस-दूध नाहीच, मूठभर मसूर शिजवते, तरी उरते.

वाळवंटाकडच्या उंचवट्यावर सरकार घरं देतंय. अर्जात माणसं किती ते लिहायचं. एकाला एक खोली, दोघांना दोन. मी दोन लिहिलं. कारकून म्हणाला, "हजर असतील तेवढीच लिहा, आई." मुलगा येणार आहे म्हटलं, तर विचारतो, "कधी?"  त्यानं आकडा खोडून अर्ज परत दिला. संत मार जिर्जिसच्या सणापर्यंत मुदत आहे. क्रूसापुढे बसून खोटा आकडा माझ्यानं लिहवणार नाही, आणि माळेचं केलं तसं अर्जाचं करायचं नाही मला. येणार नसशील तर तसं लिही, रागावणार नाही. एक की दोन, एवढंच उलट टपाली कळव.

तुझीच आई,
इस्तेर