दोन वाट्या सूप

कमलानगर, दिल्ली
२८ जुलै १९९८

चि. सौ. विनयास,

धाकट्या जावेला आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू रिसीव्हर अशोकभाऊजींच्या हाती देतेस, म्हणून लिहिते. रविवारी तुमच्या सेक्टरमधल्या जपानी खानावळीत आम्हा दोघांना जेवायला नेलंस. नवरा, बायको, मुलगी मिळून चालवतात, अगदी घरच्यासारखं आहे म्हणालीस. ते सूप मला मुगाच्या कढणासारखं लागलं. मी मूर्ख, दुसरी वाटी मागून घेतली.

निघताना त्या मालकीणबाई हात जोडून मोडक्या हिंदीत माफी मागू लागल्या. सूप सुक्या मासळीच्या पाण्यातलं होतं. जेवणाआधी मी हात धुवायला गेले तेव्हा त्यांनी माझी वाटी उचललीही होती, पण 'घरवालों ने' परत ठेवायला लावली. ऐन चातुर्मासात, कांदासुद्धा सोडलेल्या बाईला!

जेवण कशासाठी होतं ते न कळायला मी दूधखुळी नाही. यंदा गौरी तुला नव्या फ्लॅटवर बसवायच्या आहेत. सासूबाईंनी जाताना मुखवटे माझ्या ओटीत घातले. माझी वाटी बाटवणाऱ्या हातांत ते जाणार नाहीत.

कळावे. लोभाचं पुढं पाहू.

लता

नोएडा, सेक्टर २७
१ ऑगस्ट १९९८

ती. सौ. लतावहिनींना सा. न.

पत्र पोचलं. आशीर्वाद पोचले नाहीत.

वाटी परत ठेवायला लावली ती विश्वासभाऊजींनी, तुमच्या यजमानांनी. बिल्कुल चलेगा, इन्हें पता भी नहीं चलेगा, असं म्हणाले आणि हसले. थोरल्या दिरापुढं मी गप्प बसले. ती शिस्त तुम्हीच लावलीत.

आता लिहितेच. दर रविवारी भाऊजी महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगला जातात ना? ती मीटिंग आमच्या टेबलावर भरते, मी तळलेल्या सुरमईसमोर. मग बडीशेप खातात, शर्टाला अत्तर लावतात आणि घरी येतात. मासळीच्या घरात गौरी चालत नसतील, तर तो वास तुमच्या घरीही दर आठवड्याला येतोच आहे. तेव्हा मुखवट्यांचं काय ते कळवा.

लोभ आहे असं समजून चालते.

विनया

कमलानगर, दिल्ली
५ ऑगस्ट १९९८

चि. सौ. विनयास,

या वेळचे आशीर्वाद खरे आहेत.

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी हसले, मग पंखा वाढव म्हणाले. त्या अत्तरावरून मी मनाशी काय काय समजत आले होते, आणि किती रडले, ते तुला सांगणार नाही. बाई असती तर भांडले असते. सुरमईशी काय भांडायचं? खायचं होतं तर खा म्हटलं असतं मी. पण परक्या बाईने जपून उचललेली माझी वाटी ह्यांनी हसत परत ठेवायला लावली, ते मी विसरणार नाही.

मुखवटे इथेच राहतील. गौरी मी एकटी बसवीन, तू येऊ नकोस.

आमच्या घरातलं काहीतरी नोएडाला न्यायची तुला फार हौस होती. उद्या सकाळच्या बसने ह्यांना पाठवते आहे. बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि अत्तराची बाटलीही. रोज पोटभर जेवू घाल. गौरी तिसऱ्या दिवशी परत जातात. ह्यांच्या बाबतीत तशी घाई करू नकोस.

लता