रविवारचं पाणी

बाबा,

यंदाही तुमच्या पुण्यतिथीला चर्चमध्ये तुमच्यासाठी मिस्सा सांगितली. फादरांनी तुमचं नाव वाचलं, मी डोळे मिटून तुमच्या आत्म्याला शांती मागितली, आणि दरवर्षीसारखीच माफी मात्र मागितली नाही. घरी आले, भात टाकला आणि घरखर्चाच्या वहीची मागची पानं काढून लिहायला बसले. ती कोरीच राहतात, मग ह्या पत्रासाठी नवा कागद कशाला आणायचा? तुम्ही मला मॅट्रिकपर्यंत शिकवलंत. आपल्या गिरीज गावातल्या माझ्या बरोबरीच्या मुली तोवर कधीच शाळा सोडून वाडीत केळीचे घड वाहायला लागल्या होत्या. तेव्हा तुम्ही दिलेल्या अक्षरांनी मी तुमच्याशीच भांडते आहे, असं समजा.

सातिवलीला तुमचे जावई नेमकं काय करत होते, ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी सांगायला लागले की तुम्ही विडी शोधायला उठायचात. आता ऐका. आता उठून जाता येणार नाही.

तेव्हा सातिवलीला कारखान्यांचे गाळे नुकते उभे राहत होते. त्यातल्या एका गाळ्यात एका शेठचा सरबताचा कारखाना होता. सरबत भरताना काचेसारखं स्वच्छ दिसायचं आणि दुकानात महिनाभर उभं राहिलं की बाटलीत कापसासारखे पुंजके तरंगायला लागायचे. गिऱ्हाईक बाटली परत आणायचं. शेठनं पाक गाळायचं कापड दुहेरी केलं, तिहेरी केलं, काही उपयोग नाही. तुमचे जावई मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते, तिथं पाणी गाळण्याच्या नव्या रीतीवर काम चालायचं. ते शेठला म्हणाले, दोष सरबताचा नाही, साखरेचा आहे. साखरेत डिंकासारखा एक अंश असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो पाकाबरोबर कापडातून निघून जातो आणि मग सरबताच्या आंबटपणात गोळा होतो. तो अडवायचा तर कापड नको, पापुद्रा हवा. इतक्या बारीक भोकांचा पापुद्रा, की साखर पार होईल आणि डिंक अलीकडेच राहील. शेठ म्हणाला, बनवून दाखवा. आणि ह्यांनी नोकरी सोडली.

तेवढं ऐकून तुम्ही आईला म्हणाला होता, "पगार सोडून चाळणी विणायला बसला तुझा जावई." आई हसली होती. मीही हसले असेन.

पण ती चाळणी आमच्या स्वयंपाकघरात जन्मली, बाबा. फरशीवर खडूनं आकृत्या असायच्या, मला चुलीपाशी जायला वाट ठेवलेली असायची. पाक किती दाट असला तर पापुद्र्यातून जाईल, किती पातळ केला तर पुढे आटवताना परवडणार नाही, हे ठरवायचं होतं. मी पाक करत जायचे, ते थेंब मोजत बसायचे. दाट पाक जागचा हलेना. गरम केला की सैल व्हायचा, पण गरम पाक पापुद्र्याला सोसायचा नाही. शेवटी कोमट आणि पातळसर, असं मधलं काहीतरी ठरलं. त्या चाचण्यांतली साखर मी वाया जाऊ दिली नाही. आटवून खोबऱ्याच्या वड्या केल्या. तुम्ही मागून घेऊन खाल्ल्यात, आणि कशाच्या आहेत ते विचारलं नाहीत.

पापुद्रा करणं हे तर बघण्यासारखं होतं. काचेची लांब नळी उभी धरायची, तिच्यात चिकासारखा दाट द्रव ओतायचा आणि वरून एक पितळी गोळा सोडायचा. गोळा आपल्या वजनानं खाली उतरायचा आणि त्याच्या कडेनं नळीला जेवढा द्रव चिकटून राहील तेवढाच पापुद्रा. मग लगेच ती नळी बर्फाच्या पाण्यात. पहिल्या दिवशी हे कोळणीकडून बर्फ घेऊन आले. मी दारातच अडवलं. "त्या पाण्यात नळ्या बुडवल्यात तर शेठच्या सरबताला बोंबलाचा वास येईल." "वास पापुद्र्यातून जात नाही," हे म्हणाले. "पापुद्रा व्हायच्या आधी माझ्या दारातून जातो," मी म्हटलं. बर्फ परत गेला. गोठलेला पापुद्रा काचेपासून सुटून पांढऱ्या पातळ नळीसारखा बाहेर आला की त्या नळीवर कापड गुंडाळून ती भोकं पाडलेल्या स्टीलच्या नळात सरकवायची. असे नळ एकाला एक जोडून चौकटीवर बसवले, पंप लावला, आणि ते यंत्र झालं.

ते कसं चालायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजलं असतं. वाडीतला पाट आठवा. पाणी पाटातून पुढे धावतं, धावता धावता थोडं कडेच्या मातीत मुरतं आणि केळीला मिळतं. गाळ मात्र पाण्याबरोबर पुढे वाहत जातो. पाट तुंबला की गाळ जागीच बसतो आणि माती पाणी प्यायची थांबते. आमच्या नळ्यांत हेच होतं. पाक आतून जोरात धावायचा, त्यातला स्वच्छ भाग पापुद्र्यातून बाहेर ठिबकायचा, डिंक पुढे वाहून जायचा. धावता पाक, हीच त्यातली सगळी युक्ती होती. थांबला की संपलं.

आणि आपण रविवारी थांबतो.

ही चूक आमच्यासारख्या माणसांच्याच हातून व्हायची. यंत्राचा आराखडा करताना तुमच्या जावयांनी दाब धरला, वेग धरला, नळांची लांबी धरली, आणि आठवडा सहा दिवसांचा धरला. रविवार हा कामाचा दिवस त्यांच्या मनातच आला नाही. शनिवारी संध्याकाळी नळ्या धुऊन, पाणी भरून, कुलूप लावून यायचे. सोमवारी उघडलं की ताडीसारखा आंबूस वास. थांबलेल्या पाण्यात पापुद्र्यावर बुळबुळीत थर धरायचा, आणि तो नुसता बसून राहायचा नाही, पापुद्रा खायचा. मग पुंजके करणारा डिंक सरळ पार. दोनदा सगळ्या नळ्या फेकून नव्यानं कराव्या लागल्या. दुसऱ्या वेळी शेठ म्हणाला, "आणखी एकदा बघतो. मग तुमची चौकट उचला आणि जा." नोकरी नव्हती, घरात दोन लहान मुलं होती, आणि सगळं त्या चौकटीवर होतं.

नळ्यांत औषध भरून ठेवता आलं असतं, पण खाण्याच्या वस्तूत त्याचा अंश उतरला तर? ते ह्यांना नको होतं. उपाय साधा होता. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, तिची निवळी चमचाभर, भरपूर स्वच्छ पाण्यात घालायची आणि रविवारी तासभर पंप चालवून ते पाणी नळ्यांतून फिरवायचं. पण हे जातील तर ना! बाहेरून आलेला, आईबाप नसलेला मुलगा. तुम्ही त्यांना मुलगी दिलीत हे ओझं ते रोज डोक्यावर घेऊन चालायचे. म्हणाले, "मी रविवारी पंप लावला हे सासऱ्यांना कळलं तर त्यांच्यासमोर मान वर करता येणार नाही." मी म्हटलं, "मग मान खालीच ठेवा आणि मुलांना सांभाळा. किल्ली द्या."

सकाळची मिस्सा मी एकदाही चुकवली नाही, बाबा. हे तुम्ही चारचौघांत कधी सांगितलं नाहीत. ख्रिस्तशरीराचा प्रसाद घेऊन, शेवटचा आशीर्वाद घेऊन मगच निघायचे. एसटीनं स्टेशनला, पूल ओलांडून पूर्वेला, आणि तिथून पायी सातिवली. तासभर पंप. मग तशीच उलट गिरीजला, तुमच्याकडे जेवायला. कारण रविवारी आपल्या घरची सगळी लेकरं तुमच्या तोंडची प्रार्थना झाल्यावरच घास घ्यायची, लग्न झालेल्या मुलीसुद्धा.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी पोचायला उशीर झाला. सगळे पानावर बसून माझी वाट बघत होते. तुम्ही माझे हात हुंगलेत. पावडरचा वास धुऊन जात नाही.

"कुठं होतीस?"

"सातिवलीला. पाणी फिरवायचं होतं."

"आज?"

"आजच फिरवावं लागतं. नाहीतर नळ्या मरतात."

"मरायला त्यात जीव आहे का? गाय आहे ती?"

आई मध्ये पडली, "आधी जेवू दे तिला, मग बोला." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत.

मला सुकेळी आठवली. मी लहान होते, मांडवावर राजेळी केळी वाळत घातलेली, आणि मिस्सा चालू असताना आभाळ भरून आलं. शेवटच्या आशीर्वादाआधी तुम्ही आम्हा सगळ्यांना बाकावरून उठवलंत आणि चर्चपासून घरापर्यंत पळवलंत. मिस्सेच्या कोटातच तुम्ही सुपं उचलत होता. रविवारच होता तो. मी ते बोलून दाखवलं, सगळ्यांसमोर.

तुमचं उत्तर तयार होतं. "ती केळी देवानं पिकवली होती. तुझी नळी कोणी पिकवली?"

माझा धाकटा भाऊ पानात बघून म्हणाला, "शेठनं," आणि बहीण खुदकन हसली. तुम्हाला ते लागलं. मग तुम्ही आपल्या बोलीत ते वाक्य बोललात. मी इथं शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, बोलीतली त्याची धार मला कागदावर नको आहे. देवाचा दिवस नळीला दिलास, तर माझ्या रविवारच्या पानावर बसू नकोस. एक काय ते निवड.

मी निवडलं. उठले, आईनं वाढलेलं ताट झाकलं आणि निघाले. तुम्हाला वाटलं असेल, पुढच्या रविवारी येईल. आले नाही. सोमवारी यायचे, तेव्हा तुम्ही चांगले बोलायचात, आईच्या पायाला तेल लावताना माझ्या मुलांची चौकशी करायचात. सोमवारी मी तुमची मुलगी होते. रविवारी माझी जागा रिकामी ठेवून तुम्ही प्रार्थना म्हणायचात, हे बहीण सांगायची. ती रिकामी जागा मला शिक्षा म्हणून होती की माझी वाट बघत होती, हे मी तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते आज देते. ती नळी तुमच्या जावयांनी पिकवली. बर्फात हात बधिर करून, एकेक. देवानं केळीत गोडी घातली तसा ह्यांच्या डोक्यात तो पापुद्रा घातला, आणि देवानं दिलेलं सडू देणं हे मला पाप वाटतं, मग ते मांडवावर सडो की नळात. तुम्ही मला प्रार्थना शिकवलीत तेव्हा देव फक्त वाडीत असतो असं शिकवलं नव्हतंत. पंप चालू असताना मी तिथं पत्र्याच्या डब्यावर बसून रोझरी म्हणायचे. मोटारीच्या आवाजात माझा मलाच आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून मोठ्यानं म्हणायचे.

आणि ते यंत्र चाललं. सोमवारी वास यायचा थांबला. शेठनं त्या गाळलेल्या साखरेच्या सरबताच्या बाटल्या फळीवर ठेवल्या, महिना गेला, दुसरा गेला, पावसाळा गेला. पुंजका नाही. त्यानं दुसरी चौकट मागितली. त्याच चौकटींवर माझी मुलं शिकली. हे तुम्हाला कळलं होतं. गावात तुम्ही "जावयाचा कारखाना" म्हणायला लागला होता, तेही माझ्या कानावर आलं होतं. पण जेवायला या, असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि चुकलं, असं मी म्हणाले नाही. अजून म्हणत नाही. पुन्हा तसा रविवार आला तर पुन्हा किल्ली घेईन.

आता एवढंच राहिलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या क्रुसापाशी ठेवायलाही नेणार नाही. फादरांनाही हे कधी सांगितलं नाही, कारण पापनिवेदनात पाप सांगायचं असतं.

तुम्ही जायच्या आदल्या वर्षी तुमच्या जावयांनी आराखडा बदलला. माझ्या रिकाम्या जागेचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. त्यांनी गाळ्याच्या माळ्यावर एक टाकी बसवली, तिच्यातून निवळीचं पाणी बारीक धारेनं आपोआप नळ्यांतून उतरत राहील अशी. शनिवारी भरली की सोमवारपर्यंत बघायला नको. पंप नको, माणूस नको. मला म्हणाले, "आता तू रविवारी बाबांकडे जा." त्या रविवारी मी मिस्सेहून निघाले, गिरीजची एसटी समोर उभी होती, आणि मी स्टेशनच्या एसटीत बसले. गाळा उघडला. शिडी चढून टाकीचं झाकण काढून बघितलं. पाणी होतं. खाली उतरून नळांच्या तोंडाशी हात धरला. धार येत होती. सगळं ठीक चाललं होतं, माझी काही गरज नव्हती. आठवड्यात तेवढाच एक तास कुणी मला हाक मारत नसे.

मी पंप चालू केला.